दंडचुंबक सुस्थितीत आहे

उद्देश

चुंबकाचे गुणधर्म अभ्यासणे.

एवढाच होता. शपथेवर सांगतो, याच्यापलीकडे माझा कसलाही उद्देश नव्हता. पुढे या प्रयोगात एक गाय, एक टेम्पो, एक हवालदार आणि माझ्या बायकोची निवडश्रेणी येते. पण ती सगळी आपणहून आली. मी कुणाला बोलावलं नव्हतं.

साहित्य

दंडचुंबक, होकायंत्र, लोखंडाचा कीस, टाचण्या, कागद, दोरा.

यापैकी आमच्या शाळेत कागद, दोरा आणि टाचण्या होत्या. शाळा म्हणजे वेल्ह्यात, पालीच्या वरच्या अंगाला एका वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा. तिथे मी आणि दुसरे एक गुरुजी. दुसरे गुरुजी कायम कसल्यातरी सर्वेक्षणावर असतात, त्यामुळे मी. राहतो भोरला. रोज मोटारसायकलवर कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत जातो आणि तसाच उलटा येतो. लोक विचारतात, 'केशवराव, एवढ्या लांबचं कसं जमतं?' जमत नाही. जातो.

शाळेला मध्यंतरी विज्ञानपेटी मिळाली. देखणी पेटी. आत प्रत्येक वस्तूच्या आकाराची खाच, आणि खाचेत ती ती वस्तू. चुंबकाच्या खाचेत मात्र एक चिठ्ठी होती : 'चुंबक नंतर पाठविण्यात येईल.' मुलांना मी ती चिठ्ठी दाखवली. एकाने ती टाचणीजवळ नेऊन बघितली. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतात तो हाच, पण त्याने टाचणी हलत नाही.

म्हणून मी लताकडे मागितला.

लता माझी बायको. भोरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि प्रयोगशाळा तिच्या ताब्यात आहे. तिथल्या कपाटात एक जुना दंडचुंबक आहे. मधल्या बोटाएवढा, गोल, एक अर्धा लाल रंगवलेला, कडेला शाळेचं नाव आणि क्रमांक कोरलेला. असा चुंबक हल्ली बनत नाही. कपाट उघडलं की लताच्या हातातल्या किल्ल्या त्याच्याकडे माना वळवतात.

"अहो, शनिवारी तपासणी आहे," लता म्हणाली. "एकेक वस्तू समोर मांडायची आहे. एक जरी कमी निघाली तर माझा प्रस्ताव पुन्हा धूळ खात पडेल."

प्रस्ताव म्हणजे निवडश्रेणीचा, म्हणजे वरच्या पगाराचा. हा प्रस्ताव आमच्या घरात एखाद्या वयस्क नातेवाइकासारखा राहतो. त्याच्या तब्येतीची चौकशी रोज होते. आजवर तो एकदा सहीसाठी अडला, एकदा शिक्क्यासाठी, एकदा सही आणि शिक्का एकमेकांच्या फार जवळ आले म्हणून. आता फक्त प्रयोगशाळेचा शेरा बाकी होता.

"शुक्रवारी तुझ्या हातात देतो," मी म्हणालो.

काळजी

(ही खरं तर शेवटी लिहितात. मी आधी लिहितो आहे, कारण शेवटी लिहून उपयोग होत नाही, हे मला कळलं आहे.)

पाडायचा नाही. तापवायचा नाही. मोबाईलजवळ ठेवायचा नाही. मुलांच्या हातात देऊन निघून जायचं नाही.

लताच्या या चार सूचना. पैकी शेवटची मोडली, बाकीच्या मी काटेकोर पाळल्या. चुंबक गाईला खाऊ घालू नये अशी सूचना तिने दिलेली नव्हती, ही गोष्ट मी आजही अधूनमधून तिच्या लक्षात आणून देतो. त्याचा फायदा होत नाही.

कृती

वर्ग मात्र असा रंगला की काय सांगू. नसरापूरच्या एका ग्रिलवाल्याकडून लोखंडाचा कीस आणला होता. कागदाखाली चुंबक धरला, वरून कीस भुरभुरवला, कागदाला टिचकी मारली, आणि चुंबकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किसाच्या सुंदर वळणदार रेघा उभ्या राहिल्या.

"गुरुजी, त्याच्या अंगावर काटा आला!" एक पोरगं ओरडलं.

चुंबकीय क्षेत्राची एवढी चांगली व्याख्या मला पाठ्यपुस्तकात मिळालेली नाही. मी खूष झालो. मी खूष झालो की मला थांबता येत नाही, हा लताचा जुना आक्षेप. मी जाहीर केलं की आता प्रत्येकाने आळीपाळीने चुंबक घरी न्यायचा. "जिथं जिथं लोखंड आहे असं वाटतं, तिथं तिथं चुंबक न्यायचा, आणि काय झालं ते वर्गात येऊन सांगायचं."

पहिली पाळी प्रगतीची. प्रगती म्हणजे माझी सर्वांत विश्वासू विद्यार्थिनी. जमिनीवर पडलेला खडूचा तुकडा परत आणून देणारी. सांगितलं तेवढं करणारी. आता वाटतं, एखाद्या उनाड पोराला दिला असता तर त्याने फार तर हरवला असता.

निरीक्षण

दुसऱ्या दिवशी प्रगती हाताची घडी घालून उभी राहिली.

"गुरुजी, तव्याला चिकाटला. विळ्याला चिकाटला. हंड्याला न्हाई चिकाटला. आज्जीच्या पाटलीला न्हाई चिकाटला. खुट्याच्या साखळीला चिकाटला. मंग गाईला दिला."

"गाईला लावलास? अगं, गाय लोखंडाची असते का?"

"लावला न्हाई गुरुजी. दिला. गुळाच्या खड्यात."

वर्गात कुणीही हसलं नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एका मुलाने फक्त विचारलं, "सोता गिळला, का ढकलावा लागला?"

"तुला काय सांगितलं होतं मी?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"जितं लोखंड आसंल तितं न्यायचा," प्रगती म्हणाली. "गाईच्या पोटात तार हाय."

निरीक्षण (गोठ्यातून)

मी वर्ग तसाच सोडून धावलो. माझ्यामागे वर्ग धावला. प्रगतीची आज्जी, धोंडाबाई, गोठ्याच्या तोंडाशी बसून शेंगा निवडत होती. आत पवळी नावाची तांबूस गाय उभी होती आणि माझ्याकडे, लताच्या चुंबकासकट, शांतपणे पाहत होती.

"या गुरुजी. लई उपकार झालं तुमचं. च्या घ्या."

"आज्जी, चुंबक..."

"बसला. जागंवर बसला बगा. सकाळी मूठभर वैरण खाल्ली तिनं."

"अहो, तो शाळेचा आहे. म्हणजे आमच्या शाळेचा नाही. बायकोच्या शाळेचा आहे."

"मंग बाईंना बी सांगा, लई उपकार झालं म्हून."

झालं होतं असं. कुंपणाच्या तारेचे तुकडे वैरणीतून पवळीच्या पोटात गेले होते. तिने खाणं सोडलं. जनावरांचे डॉक्टर वर येऊन तपासून गेले आणि म्हणाले, पोटात चुंबक सोडावा लागेल, म्हणजे तार त्याला चिकटून राहील आणि टोचणार नाही. दवाखान्यातले चुंबक संपले होते. मागणी केली आहे, आले की कळवतो, म्हणाले.

"गाय तंवर थांबती व्हय?" धोंडाबाई म्हणाली. "म्या रोज देवाला हात जोडत व्हते. आन तेवढ्यात ही पोर दप्तरातनं चुंबक काडून तव्याला लावाय लागली. म्हनलं, देवानंच धाडला."

"देवानं नाही, मी धाडला."

"तेच की."

या वाक्याने एरवी मला बरं वाटलं असतं.

एव्हाना वाडी जमली होती. आमच्या वाडीवर माणूस आजारी पडलं तर चार जण येतात, गाय आजारी पडली तर सगळे येतात, आणि गुरुजी अडचणीत आला तर शेजारच्या वाडीवरूनही येतात. गेनबा म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांनी पवळीभोवती एक फेरी मारून निदान केलं.

"एरंडेल पाजा. भाईर येतंय."

"खबरदार कुनी काय पाजलं तर," धोंडाबाई म्हणाली. "आत्ता कुटं खाय लागलीया."

"मंग कसा मिळायचा गुरुजींचा चुंबक?"

"आज ना उद्या शेणात घावंल की," धोंडाबाईचा मुलगा संपत म्हणाला. संपत टेम्पोतून वाडीवरचं दूध खाली डेअरीला नेतो. "शेण चाळून बगायचं. जातोय कुटं."

सगळ्यांना हे पटलं. चाळायचं कुणी, याचीही चर्चा झाली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

कृती (सुधारित)

साहित्य : शेण, काठी, दुसरा चुंबक.

दुसरा चुंबक संपतने दिला. टेम्पोतला स्पीकर उचकटून त्याच्या पाठीमागचा जाडजूड चुंबक काढला आणि माझ्या हातात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर त्याग होता. "गुरुजी, सापडंस्तवर टेम्पो मुका हाय, एवढं ध्यानात ठिवा."

तर मी, बी.ए. बी.एड., सेवाज्येष्ठ, आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी एकदा नाव सुचवलं गेलेला, रोज शाळा सुटल्यावर काठीला दोऱ्याने स्पीकरचा चुंबक बांधून पवळीच्या शेणावरून फिरवू लागलो. पोरं भोवती रिंगण करून बसत. चुंबकाला एक खिळा निघाला, एक नट निघाला, छत्रीची मोडकी काडी निघाली. प्रत्येक वेळी पोरं ओरडत, "घावला!", आणि प्रत्येक वेळी नसे. गेनबांना त्यातला नट ओळखीचा वाटला; त्यांनी तो पुसून खिशात घातला.

त्यात एके दिवशी राजगडावरून उतरलेला ट्रेकर लोकांचा घोळका तिथे थबकला. रंगीत टोप्या, पाठीवर पिशव्या. एका मुलीने मोबाईल काढून माझं चित्रण सुरू केलं.

"काका, ही इथली पारंपरिक पद्धत आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "ही माझी पद्धत आहे."

"वाव," ती म्हणाली.

शेवटी मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ फोनमधून नुसताच खसखस आवाज येत राहिला. मला वाटलं रेंज गेली. ते हसत होते.

"गुरुजी, तो बाहेर येत नसतो. जड असतो, पुढच्या पोटात तळाशी जाऊन बसतो. गाय आहे तोवर तिथंच. त्यासाठीच तर घालतात."

"मग हे तुम्ही आधी..."

"तुम्ही आधी विचारलंच नाहीत. चुंबक चांगला होता पण, हां. आमच्यापेक्षा चांगला."

टीप (लताची)

"अहो, उद्या शुक्रवार. चुंबक?"

"तो सध्या वेल्ह्यात आहे."

"वेल्ह्यात कुठे?"

"अगदी सुरक्षित. तिथून कुणाला काढताच येत नाही."

"तिजोरीत ठेवलात की काय?"

"साधारण."

मग सांगावं लागलं. लताने आमटीतली पळी बाहेर काढली, गॅस बंद केला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गाय बरी आहे का?"

"छान खाते आहे."

"काय काय खाल्लं म्हणायचं तिनं! तार, चुंबक, माझी निवडश्रेणी."

एवढ्यात शेजारचा मंदार आला. मंदार इंजिनियर आहे, घरूनच काम करतो, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं त्याला भिंतीपलीकडून आधीच कळलेलं असतं. "काका, टेन्शन कशाला घेता? मी परवाच ऑनलाइन मागवून ठेवलाय," असं म्हणून त्याने एक पुडकं पुढे केलं. त्यात रक्तदाब कमी करणारं चुंबकीय कडं निघालं. लताने ते माझ्या मनगटात घातलं आणि म्हणाली, "असू दे. लागेल तुम्हाला."

मंदार खचला नाही. "मग दुसरं. वरव्याला माझ्या मित्राचं वर्कशॉप आहे. त्याच्याकडे अस्साच गोल चुंबक आहे. अर्धा लाल रंगवू, वरती नाव आणि नंबर ठोकू, तासाभराचं काम. कोण बघतंय?"

"मी बघते आहे," लता म्हणाली. "मी पोरांना सांगत आले आहे, निरीक्षण चुकलं तरी चालेल, खोटं लिहायचं नाही. आता मीच खोटा चुंबक मांडू?"

"मग खराच मांड!" मी चिडलो होतो. चार दिवस शेणात काढलेला माणूस चिडतो. "गाय आणून उभी करतो तुझ्या त्या तपासणीपुढे. मग तर झालं?"

मला वाटलं, आता ती हसेल, निदान रडेल तरी. लताने शांतपणे गॅस पुन्हा पेटवला.

"आणा," ती म्हणाली. "पण चुंबक आत आहे हे सिद्ध करता आलं पाहिजे. नुसती गाय नको."

प्रयोग क्रमांक दोन

उद्देश : गाईमध्ये चुंबक असल्याचे सिद्ध करणे.

लताकडून होकायंत्र घेतलं. (पावती दिली. तिने मागितली.) शुक्रवारी शाळा भरताच वर्गासकट गोठ्यात. पवळीच्या पाठीवर धरलं, सुई उत्तरेला. मानेपाशी, उत्तरेला. शेपटीपाशी धरलं तेव्हा सुई दिसलीच नाही, कारण शेपटी माझ्या डोळ्यावर बसली. मग प्रगतीने होकायंत्र हातात घेतलं आणि डाव्या अंगाने, पुढच्या पायाच्या कोपरामागे, खाली हळूहळू सरकवलं.

सुई थरथरली. वळली. उत्तर सोडून तिने सरळ गाईत तोंड घातलं.

"गुरुजी, हितं हाय!"

मग कोण ऐकतंय? चुन्याची वाटी आली. होकायंत्र जिथे धरावं तिथे सुई जशी वळेल तशी एक छोटी रेघ पवळीच्या अंगावर काढायची. पुढे सरकायचं. पुन्हा रेघ. थोड्या वेळाने तिच्या डाव्या कुशीवर त्या किसासारख्याच वळणदार रेघा उमटल्या. मी कागदावर अनेकदा हे शिकवलं आहे. पण जिवंत, श्वास घेणारं, रेघांसकट फुगणारं आणि ओसरणारं चुंबकीय क्षेत्र मी पहिल्यांदा बघत होतो. क्षणभर मी लता, तपासणी, शेण, सगळं विसरलो.

तेवढ्यात पवळीने लाथ मारली.

आकृती

(इथे जागा सोडली आहे. आकृती काढताना ती हलली.)

परवानग्या

धोंडाबाईला पटवणं सोपं नव्हतं.

"कापायची न्हाई ना?"

"शपथ नाही आज्जी. नुसती उभी करायची. दाखवायची आणि आणायची."

"वासरू संगं लागंल. त्याच्याबिगर ती पान्हा सोडत न्हाई. आन म्या येनार. आन पोर येनार."

"सगळे चला," मी म्हणालो. माझ्यात विरोध उरला नव्हता.

डॉक्टरांकडून गाय नेण्याचा दाखला घेतला. त्यात गाय कशासाठी नेत आहात, या रकान्यात विक्री, उपचार आणि प्रदर्शन एवढेच पर्याय होते. डॉक्टरांनी खूप विचार करून तिन्ही खोडले आणि 'शैक्षणिक' असं लिहिलं.

शनिवारी सकाळी संपतच्या मुक्या टेम्पोत मागे पवळी, वासरू आणि प्रगती, पुढे संपत आणि धोंडाबाई, टेम्पोमागे मी मोटारसायकलवर, अशी आमची वरात निघाली. फाट्यावर हवालदाराने हात दाखवला.

"गाय कुठं चाललीय?"

"शाळेत," संपत खरं बोलला.

"मला येडा समजतो का?"

मी पुढे होऊन सगळं सांगितलं. चुंबक, तार, होकायंत्र, निवडश्रेणी. हवालदार दाखला उलटसुलट करून बघत राहिला. "शैक्षणिक," तो पुटपुटला. मग म्हणाला, "होकायंत्र माझ्या मोबाईलमध्ये पण आहे. खोटं निघालं तर गाडी चौकीला लावीन."

त्याने टेम्पोच्या फळीतून हात घालून मोबाईल पवळीच्या कुशीला लावला. मोबाईल गोंधळला. पडद्यावर सूचना आली : फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. हवालदार सरकारी माणूस. सूचना आली की पाळणारच. भर फाट्यावर, एस.टी.ची वाट बघणाऱ्या सगळ्या प्रवाशांसमोर, तो अंगावर चुन्याच्या रेघा ओढलेल्या गाईपुढे मोबाईल ओवाळू लागला. थांब्यावरच्या दोन बायका लगबगीने उठल्या, पायातल्या चपला बाजूला काढून पवळीला हात जोडून उभ्या राहिल्या. मागोमाग एका माणसाने केळं आणलं.

"कुठल्या देवाची हो?" त्याने धोंडाबाईला विचारलं.

"हायस्कुलाची," धोंडाबाई म्हणाली.

शेवटी मोबाईलमधली सुई गर्रकन फिरली. हवालदार दोन पावलं मागे सरकला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "जाऊ द्या. जाऊ द्या पटकन."

तपासणी

तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंचं नाव नूतन मॅडम. त्यांच्या चष्म्याला साखळी होती आणि त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं, असं मुख्याध्यापकांनी आम्हाला तीन वेळा सांगितलं. लता कपाटातून एकेक वस्तू काढून मांडत होती. मी दारात उभा होतो.

"सूक्ष्मदर्शक?"

"हा, मॅडम. खोक्यातच आहे. सील शाबूत."

"विजेची घंटा?"

"ही. प्लास्टिकसकट."

"हवेचा पंप? वापरता?"

"खराब होईल म्हणून वापरत नाही," मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले.

"दंडचुंबक?"

लताने पदर सारखा केला. "मैदानात आहे, मॅडम."

"मैदानात काय करतोय?"

"रवंथ."

मुख्याध्यापकांना खोकला आला तो थांबेचना.

लिंबाच्या सावलीत पवळी उभी होती. शाळेची अर्धी मुलं खिडक्यांत होती. लताने काहीही न लपवता, धडा शिकवावा तसं सगळं सांगितलं. माझा उल्लेख तिने 'एका शिक्षकाच्या निष्काळजीपणामुळे' असा केला. मग प्रगतीने होकायंत्र धरलं. सुई वळली.

नूतन मॅडम खाली वाकल्या. स्वतः होकायंत्र घेतलं, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मग ताठ उभ्या राहिल्या.

"सगळ्याच गाईंजवळ सुई अशी वळत नाही कशावरून? तुलनेला दुसरी गाय हवी."

दुसरी गाय नव्हती. वासरू पळालं होतं, प्रगती त्याच्यामागे. सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग लताने माझ्याकडे बघितलं.

मला पवळीशेजारी उभं करण्यात आलं. कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून मनगटातलं कडं काढून घेतलं. नूतन मॅडमनी होकायंत्र माझ्या डाव्या कुशीला लावलं, सावकाश खालपासून वरपर्यंत नेलं. चारशे पोरं श्वास रोखून बघत होती. सुई तसूभर हलली नाही.

"यांच्यात काही नाही," मॅडम म्हणाल्या.

"मला कल्पना आहे," लता म्हणाली.

मॅडमनी पेन काढलं. मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. लताचा हात नकळत पवळीच्या पाठीवर गेला होता. तो तिथेच राहिला. मॅडम लिहिताना मोठ्याने बोलत होत्या.

"दंडचुंबक. आहे. सुस्थितीत." मग त्या थांबल्या. त्यांनी वर खिडक्यांकडे, प्रयोगशाळेच्या दिशेने बघितलं, आणि शेवटच्या रकान्यात, जिथे वरपासून खालपर्यंत नुसत्या आडव्या रेघा होत्या, तिथे दोन शब्द लिहिले. "वापरात आहे."

पेनला टोपण लावत त्या लताला म्हणाल्या, "एवढ्या कपाटात ही एकच वस्तू कामाला लागलेली दिसली, बाई. प्रस्ताव मी पुढे पाठवते."

आणि मुख्याध्यापकांच्या सांगण्यानुसार, हसल्या.

 लता नुसती पवळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, संपलं. मी डोळे पुसायलाही सुरुवात केली होती. तेवढ्यात मॅडम जाता जाता वळल्या.

"पण शाळेची मालमत्ता आत आहे, तोवर ही गाय शाळेला विचारल्याशिवाय विकता येणार नाही. आणि पुढच्या तपासणीला पुन्हा हजर करायची."

 धोंडाबाई पुढे आली, डोक्यावरचा पदर खोचला.

"आसं व्हय? गाय शाळेची, तर मंग वैरण बी शाळेनं घालायची."

मॅडमनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापक म्हणाले, वैरणीची तरतूद नाही, आणि त्यांनी लताकडे बघितलं. लताने माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून बघितलं. मागे लिंबाचं झाड होतं.

निष्कर्ष

दर सोमवारी मी भोरहून निघताना मोटारसायकलला मागे वैरणीच्या पेंढ्या बांधतो. नसरापुरात ओळखीचे लोक थांबवून विचारतात, 'गुरुजी, गाय घेतली का?' मी म्हणतो, नाही, चुंबक आहे. आता ते विचारत नाहीत. लांबूनच हात करतात.

वाडीवर गेनबांसकट सगळ्यांची मागणी आहे की आमच्याही जनावरांना एकेक चुंबक द्या. परवा विज्ञानपेटीतला चुंबकही आला. आल्या आल्या मी तो कपाटात घालून कुलूप लावलं आहे. पुढचा धडा विजेचा आहे, हे कळल्यावर धोंडाबाईने प्रगतीबरोबर निरोप धाडला : 'ईज शाळंतच ऱ्हाऊ द्या.'

लताची निवडश्रेणी मंजूर झाली. संध्याकाळी मी घरी पोचलो की ती पूर्वी विचारायची, 'दमलात का?' आता दारातच विचारते, 'तिनं नीट खाल्लं का?' मी सांगतो, खाल्लं. मग ती मला वाढते.

लताकडून पावतीवर घेतलेलं होकायंत्र अजून माझ्याच खिशात असतं. भोरपासून पालीपर्यंत ते बिनचूक उत्तर दाखवतं. धोंडाबाईच्या गोठ्यात शिरून मी पवळीपुढे पेंढी सोडायला वाकलो, की खिशातल्या खिशात ते गपकन गाईकडे वळतं. मी ते बाहेर काढून बघत नाही. वैरण घालतो, आणि शाळेत जातो.